होरॅस टटलचा परित्याग

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लेनी वॉयचिकला फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि त्याची त्याबद्दल तक्रारही नव्हती. टोलेडो हेरन्स या बास्केटबॉल टीमच्या स्टेडियममध्ये तिसऱ्या मजल्यावर त्याचं टेबल होतं. टीम गेली तेरा वर्षं न चुकता हरत होती. प्रशिक्षक बदलले, बुटांचा रंग बदलला, मैदानाच्या लाकडाला नवीन पॉलिश झालं, तरी हरायची ती हरायचीच. पण त्याच तेरा वर्षांत लेनीच्या हिशेबात एका डॉलरची चूक निघाली नव्हती. ही गोष्ट तो लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसालासुद्धा सांगायचा, मग तो बिचारा पुढच्याच मजल्यावर उतरणारा का असेना.

हिशेब कसला, तर जागेचा. लीगनं प्रत्येक टीमच्या पगारांवर एक झाकण ठेवलेलं असतं. सगळ्या खेळाडूंचे मिळून वर्षाला चौदा कोटी डॉलर, आणि त्या झाकणाखाली जेवढी जागा रिकामी असेल तेवढ्याच पगाराचा नवा माणूस बाहेरून आणायचा. जूनच्या तीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता देशभरातले करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि त्यांचा बाजार उघडतो. हेरन्स मात्र दर वर्षी त्या बाजारात नुसतं फिरून घरी यायचे, कारण यांचं झाकण आधीच वर उचललं गेलेलं असायचं. हरणाऱ्या लोकांना एवढे पगार दिले कोणी, हा प्रश्न शहरातल्या सलूनमधून अधूनमधून विचारला जाई.

यंदा पहिल्यांदाच जुने, महागडे करार एकदम संपले. आणि यंदाच केशॉन ब्रॅडवेल मोकळा होणार होता. केशॉन म्हणजे इथलाच, नदीपलीकडच्या वस्तीत वाढलेला पोरगा. आता लीगमधल्या पहिल्या पाचात त्याचं नाव घेतलं जायचं. त्याची आई अजून त्याच घरात राहत होती आणि मुलानं घरी यावं म्हणून तिनं तीन महिने धोशा लावला होता. त्याच्या एजंटनं, रिझोनं, हेरन्सच्या जनरल मॅनेजर ग्वेन ॲशफर्ड यांना स्पष्ट सांगितलं होतं की पोरगा यायला तयार आहे, पण पगार पुरेपूर हवा. चार कोटी वीस लाख. त्यात एक डॉलर कमी असेल तर तो फ्लोरिडाला जाईल, तिथे ऊन फुकट मिळतं.

तीस तारखेला सकाळी ग्वेनबाईंनी लेनीला बोलावून घेतलं.

"जागा किती आहे?"

"चार कोटी वीस लाख," लेनी म्हणाला. हा आकडा उच्चारताना त्याचा आवाज जरा घोगरा झाला. "दहा जणांचे नऊ कोटी ऐंशी लाख. चौदातून वजा करा. आणि बारा नावंही पुरी भरलीत, तीही काळजी नको."

ही बारा नावांची भानगड म्हणजे लेनीचा आवडता विनोद होता. टीमला निदान बारा नावं दाखवावी लागतात असा लीगचा आडमुठा नियम आहे. एक नाव कमी पडलं तर त्या रिकाम्या खुर्चीच्या नावावर नवख्या खेळाडूचा अकरा लाखांचा पगार धरतात. खुर्चीत कोणी बसलेलं नसतं, पैसे कोणाला द्यायचे नसतात, पण जागा मात्र अडते. "आपल्या लीगमध्ये रिकाम्या खुर्चीलासुद्धा पगार आहे," असं लेनी दर वर्षी सांगायचा आणि दर वर्षी एकटाच हसायचा. आजही हसला.

"एका डॉलरचाही फरक निघता कामा नये," ग्वेनबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. "या शहरानं तेरा वर्षं वाट बघितलीय."

"एका डॉलरचा फरक निघाला तर माझी खुर्ची रिकामी समजा."

हे बोलून तो दाराकडे वळला आणि मग, छत्री विसरल्यासारखा, परत फिरला. एक किरकोळ काम तेवढं राहिलंय, असं त्यानं सांगितलं. पाचच्या आत लीगच्या कचेरीला एक ईमेल पाठवायची आहे. होरॅस टटलचा हक्क सोडायचा.

ग्वेनबाईंनी चष्मा काढला. "कोण टटल? मासेवाला?"

"तोच."

झालं होतं असं. एखाद्या खेळाडूचा करार संपला तरी त्याच्यावर जुन्या टीमचा पहिला हक्क राहतो. तो हक्क हवा असेल तर टीमनं झाकणाखाली त्याच्या नावानं जागा अडवून ठेवायची, बाकावर रुमाल टाकून ठेवतात तशी. नको असेल तर लेखी सोडून द्यायचा. होरॅस टटलचा करार तेरा वर्षांपूर्वी संपला. त्यानं निवृत्तीचं पत्र कधी दिलं नाही आणि टीमनंही हक्क सोडल्याचं पत्र कधी पाठवलं नाही. झाकणाखाली जागाच नव्हती, तेव्हा रुमाल कुठे पडलाय याची चौकशी करायला कोणाला वेळ होता? होरॅसनं चेरी स्ट्रीटवर तळलेल्या माशांचं दुकान काढलं, तिकडे त्याचं वजन वाढत गेलं, आणि इकडे लेनीच्या तक्त्यात सगळ्यात खालच्या ओळीत तो अजूनही हेरन्सचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, म्हणून एक कोटी पस्तीस लाखांची जागा अडवून बसला होता.

ग्वेनबाईंना हे ऐकून धक्काच बसला. गेल्याच शुक्रवारी त्यांनी त्याच्या दुकानातून तळलेल्या पर्च माशांची दोन पाकिटं नेली होती, आणि आपण आपल्याच खेळाडूला सुटे पैसे देतोय हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. 

"ईमेल पाठव. पण आधी त्याला फोन कर," त्या म्हणाल्या. "टीमनं आपल्याला सोडलं हे माणसाला रेडिओवरून कळू नये. आणि मऊ बोल, लेनी. तुझ्या त्या आकड्यांच्या भाषेत नको."

इथेच घात झाला. लेनी आयुष्यात एकाही खेळाडूशी फोनवर बोलला नव्हता. खेळाडू म्हणजे त्याच्या लेखी एक ओळ आणि तिच्यापुढे एक आकडा. त्यानं दोन तास खपून कागदावर मऊ वाक्यं लिहिली, खोडली, अजून मऊ केली. शेवटी ती इतकी मऊ झाली की त्यांच्यातला अर्थच विरघळून गेला. अडीच वाजता त्यानं फोन लावला. पलीकडे कढईत मासे चरचरत होते.

"मिस्टर टटल, मी हेरन्सच्या कचेरीतून बोलतोय. तुम्हाला सांगायचं होतं की इतकी वर्षं आम्ही तुमची जागा धरून ठेवली होती."

चरचर चालू राहिली. मग होरॅसनं हळूच विचारलं, "माझी जागा?"

"हो. तेरा वर्षं. दर वर्षी, न चुकता."

"मला कोणी सांगितलं नाही."

"आमचंच चुकलं. म्हणून तर फोन केला. आज शेवटचा दिवस आहे. पाचच्या आत सोक्षमोक्ष लावायचाय, कारण नवा मोठा खेळाडू येतोय आणि त्याच्यासाठी—" इथे पलीकडे कोणीतरी कढईत नवीन घाणा सोडला आणि पुढचं सगळं त्यात तळून निघालं. "—तुमच्याबद्दल आम्हाला किती आदर आहे ते तुम्हाला प्रत्यक्षच सांगायला हवं होतं," एवढं शेपूट तेवढं होरॅसपर्यंत पोचलं.

"प्रत्यक्ष," होरॅस म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "येतो मी."

लेनीला वाटलं, किती समजूतदार माणूस. काम फत्ते झाल्याचं त्यानं ग्वेनबाईंना कळवलं आणि डब्यातलं सँडविच खाल्लं.

चार वाजून दहा मिनिटांनी खालच्या पहारेकऱ्याचा फोन आला. दारात चर्चची बस उभी आहे, असं तो म्हणाला. किती माणसं आहेत, लेनीनं विचारलं. मोजतोय अजून, पहारेकरी म्हणाला.

लेनी ग्वेनबाईंच्या खोलीत धावला. त्या रिझोशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी एका हातानं फोन झाकून सगळं ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग कपाळापासून खाली उतरत गेला. खाली जा, सत्य सांग, पत्राची एक प्रत सभ्यपणे त्याच्या हातात दे आणि पाचच्या आत ईमेल पाठव, एवढं त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या. शेवटचे चार शब्द त्यांनी दोनदा म्हटले.

लेनी मैदानावर पोचला तेव्हा पुढच्या दोन रांगा भरल्या होत्या. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची तालीम टाकून चर्चचा अख्खा गायकवृंद आला होता. बायकांच्या डोक्यावर रविवारच्या हॅट होत्या आणि हातात अंत्यसंस्कारवाल्या दुकानाच्या जाहिरातीचे पुठ्ठ्याचे पंखे. बाजूच्या टेबलावर माशांचे ट्रे, कोबीची कोशिंबीर आणि गोड चहाचं पिंप मांडून झालं होतं. आणि मैदानाच्या मधोमध, बावन्न वर्षांचा, सहा फूट अकरा इंच उंच आणि आता जवळजवळ तेवढाच रुंद वाटणारा होरॅस टटल उभा होता. तेरा वर्षांपूर्वीची जर्सी त्यानं अंगात घातली होती, म्हणजे जेवढी जाईल तेवढी. खाली दुकानातला पांढरा ॲप्रन सोडायचा राहून गेला होता.

लेनीनं पत्राची प्रत हातात घट्ट धरली.

"तूच ना फोनवाला?" होरॅस त्याच्याकडे आला आणि त्याचा हात दोन्ही पंजांत घेतला. लेनीचा हात मनगटापर्यंत दिसेनासा झाला. "अरे बाबा, तुला काय सांगू. शेवटच्या मॅचला एका गुणानं मागे होतो. दोन फ्री थ्रो होते माझे, एकेका गुणाचे. दोन्ही चुकवले. त्यानंतर मला कोणी फोन केला नाही, ना टीमनं ना कोणी. मी निवृत्तीचं पत्र दिलं नाही, कशाचं देणार? मला वाटलं, यांनी मला फेकून दिलं. अजून दुकानात येणारी पोरं म्हणतात, होरॅस, दोन मासे दे आणि दोन्ही खाली पाडू नकोस. मी हसतो. तेरा वर्षं हसतोय. आणि तुम्ही तर जागा धरून बसला होता."

गायकवृंदातून कोणीतरी 'आमेन' म्हटलं. लेनीनं घड्याळात पाहिलं. चार बावीस.

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. आकडा असता तर झटकन बाहेर आला असता. पण हा आकडा नव्हता, हा समोर उभा राहून डोळे पुसत होता, आणि लेनीच्या घशातून निघालं ते एवढंच, "मासे छान दिसतायत."

होरॅसची बायको ओपल हे सगळं बघत होती. ती उंचीला नवऱ्याच्या कोपराएवढी, पण दुकानाचा गल्ला आणि चर्चचं स्वयंपाकघर दोन्ही तीच सांभाळायची. तिनं लेनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि तो कागद असा काढून घेतला की आपण दिला की तिनं घेतला हे लेनीला नंतरही आठवेना. चष्मा लावून तिनं मोठ्यानं वाचलं.

"टोलेडो हेरन्स या पत्रान्वये होरॅस बी. टटल यांचा परित्याग करीत आहेत."

सगळे पंखे एकदम थांबले.

"परित्याग?" ओपल म्हणाली.

"लीगचा शब्द आहे तो, मिसेस टटल. हक्क सोडताना तसं लिहावं लागतं."

"मी अकरा वर्षांची असताना मला बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभं करून पास्टरनी विचारलं होतं, सैतानाचा परित्याग करतेस का? करते म्हणाले. त्यानंतर हा शब्द मी आज बघतेय. आणि त्याच्यापुढे माझ्या नवऱ्याचं नाव."

मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्या शेजारणीनं बसायला खूण केली, तर ती बसेना.  लेनीनं भराभर सगळं सांगून टाकलं: झाकण, जागा, रुमाल, ब्रॅडवेल, चार कोटी वीस लाख, पाच वाजता, सहा वाजता. या खेपेला एकही वाक्य मऊ नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळलं.

"म्हणजे तुम्ही जागा धरली नव्हती," ओपल म्हणाली. "तुम्ही विसरला होता."

लेनीनं मान हलवली. ती होकाराची होती.

"मग दुसरा शब्द घाल. निरोप देतो म्हण. मोकळं करतो म्हण. आभार मानतो म्हण, तेरा वर्षं उशिरा का होईना."

"दुसरा शब्द लिहिला तर लीग पत्रच धरत नाही."

"तर मग आम्ही इथेच बसतो," ओपल म्हणाली आणि खरोखरच बसली. तिच्यामागे अख्खं चर्च आणखी घट्ट बसल्यासारखं वाटलं.

 होरॅसच्या चेहऱ्याकडे बघायचं लेनीचं धाडस होत नव्हतं. चार चव्वेचाळीस झाले होते.

"पाच वाजेपर्यंत मी कोण आहे?" होरॅसनं विचारलं.

"म्हणजे?"

"आत्ता. या क्षणाला. तुझ्या त्या तक्त्यात."

"हेरन्सचे सेंटर आहात. कागदोपत्री."

"म्हणजे अजून सोळा मिनिटं मी हेरन्सचा खेळाडू आहे."

"पंधरा," लेनी म्हणाला. सवय जात नाही.

"मग ओपल, तू मध्ये पडू नकोस. केशॉनची आई आपल्याच चर्चची. तिचा पोरगा घरी येत असेल तर मी खुर्ची अडवून बसणारा माणूस नाही. सोडू देत मला. पण जाताना मी दोन फ्री थ्रो टाकून जाणार. हेरन्सचा म्हणून. मग तू खुशाल पाठव तुझी ती ईमेल."

दोन फ्री थ्रो टाकायला असा किती वेळ लागतो? लेनीनं फोन काढून ईमेल तयार ठेवली, बटणावर अंगठा धरला आणि बाजूला उभा राहिला.

पहिला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसरा तिच्या मागच्या फळीवर आपटून कोबीच्या कोशिंबिरीत पडला. होरॅसनं ॲप्रन काढून ठेवला. तिसरा, चौथा, सातवा. तेरा वर्षं माशांच्या टोपल्या उचलून त्याचे खांदे इतके कडक झाले होते की चेंडू प्रत्येक वेळी दगडासारखा सुटायचा. गायकवृंदानं आधी टाळ्या वाजवल्या, मग गाणं धरलं, मग गाणं सोडून तो नुसता मोजायला लागला. चार चोपन्नला पहिला आत गेला. रिंगवर दोनदा नाचून, नाइलाजानं, पण गेला.

"एक," म्हातारी उभ्यानंच म्हणाली.

दुसरा जाईना. पंचावन्न. छप्पन्न. लेनीच्या अंगठ्याला घाम फुटला. दाबावं का? दाबलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. पण त्या बटणाच्या पलीकडे होरॅस हेरन्सचा राहणार नव्हता, आणि मग दुसरा चेंडू गेला काय न गेला काय, तो एक मासेवाला टाकत असता. लेनीला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. त्याचा तक्त्यावर विश्वास होता हे त्याला माहीत होतं, तो इतका आहे हे माहीत नव्हतं.

सत्तावन्नला त्याचा फोन वाजला. ग्वेनबाई. त्यांचं नाव सगळ्या पडद्यावर पसरलं आणि खालचं बटण गडप झालं. लेनीनं आपल्या साहेबिणीचा फोन कापला. फोन परत आला. त्यानं परत कापला.

"होरॅस," ओपल जागेवरून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "गुडघे वाकव. मीठ टाकतोस तसा मनगटातून सोड."

होरॅसनं गुडघे वाकवले. त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला. चेंडू वर गेला आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली आला.

त्यानंतरचा गलका लेनीनं नीट ऐकला नाही, कारण तो बटण दाबत होता. चार वाजून एकोणसाठ मिनिटं. पत्र पोचल्याची लीगची पावती आली तेव्हा तो मटकन खालीच बसला. ओपलनं त्याच्या हातात गोड चहाचा पेला दिला आणि 'पी' म्हणाली. एकंदरीत जगात सगळं ठीक आहे असं त्याला वाटलं, आणि हे वाटणं तासभर टिकलं.

सहा वाजून एक मिनिटानं रिझोचा फोन आला. ग्वेनबाईंनी तो सगळ्या खोलीला ऐकू येईल असा ठेवला. 

"माझा हिशेबनीस समोर बसलाय," रिझो म्हणाला. "तो म्हणतो, चार कोटी नऊ लाख."

"चार कोटी वीस," लेनी म्हणाला. त्याला हसूच आलं. "तुमच्या माणसाला परत मोजायला सांगा."

"नावं किती आहेत तुमच्याकडे?"

"बारा."

"मोज."

लेनीनं तक्ता उघडला. दहा आपले. अकरावा ब्रॅडवेल. बारावा... त्याचं बोट सगळ्यात खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच राहिलं. ती ओळ आता कोरी होती. बारावं नाव टटलचं होतं. गेली तेरा वर्षं त्यानं झाकणाखालची जागा अडवली होती आणि बारावी खुर्चीही भरली होती. लेनीनं त्याला एका दारातून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दारातून अकरा लाखांची रिकामी खुर्ची आत आली. दर वर्षीचा त्याचा विनोद समोर उभा होता आणि या खेपेला लेनीसुद्धा हसत नव्हता.

"अकरा," लेनी म्हणाला.

ग्वेनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन लेनीनं पुढे कधी कोणाजवळ केलं नाही.

"अकरा लाख," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "चार कोटी वीसमधले अकरा लाख! त्याची आई इथे आहे, रिझो."

"आईला मी समजावतो," रिझो म्हणाला. "एक डॉलर म्हणालो होतो, ग्वेन. फ्लोरिडा दुसऱ्या लाइनवर आहे." आणि फोन बंद झाला.

ग्वेनबाईंनी एखादा खेळाडू दुसऱ्या टीमच्या गळ्यात मारता येतो का म्हणून चार ठिकाणी फोन लावले. बाजार उघडून तीन मिनिटं झाली होती, चारही ठिकाणी लाइन लागेना. सहा वाजून नऊ मिनिटांनी रेडिओवर बातमी आली की ब्रॅडवेल फ्लोरिडाला चालला. तेरा वर्षांची वाट संपली होती आणि चौदावं सुरू झालं होतं.

ग्वेनबाईंनी रेडिओ बंद केला. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि होरॅस वाकून आत आला. जर्सीवर परत ॲप्रन चढला होता. त्याच्या हातात कागदानं झाकलेली ताटली होती.

"खाली सगळे जेवले," तो लेनीला म्हणाला. "तुझी मात्र मी धरून ठेवली होती." मग त्यानं दोघांचे चेहरे पाहिले. "काय झालं? केशॉन येतोय ना?"

"नाही," लेनी म्हणाला. "एक खुर्ची रिकामी राहिली. तिच्यामुळे जागा कमी पडली."

"कोणाची खुर्ची?"

लेनीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. होरॅसला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तो ताटली हातात धरून तसाच उभा राहिला.

"म्हणजे मी असतो तर तो आला नसता."

"नाही."

"आणि मी नाही म्हणूनही आला नाही."

"नाही."

"अरे बाबा," होरॅस हळूच म्हणाला, "मी इथे सहा वर्षं खेळलो. तेव्हा कोणाचं माझ्यावाचून एवढं अडलं नव्हतं." ताटली त्यानं टेबलावर ठेवली, ग्वेनबाईंना मान लववली आणि वाकून बाहेर गेला. जिन्यात त्याला हसू आवरत नव्हतं हे वरपर्यंत ऐकू आलं.

लेनी ताटली घेऊन उठला आणि आपल्या टेबलाशी गेला. ड्रॉवरमधला डबा, पेनं आणि आईचा फोटो त्यानं एका खोक्यात भरायला घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"हे काय चाललंय?" मागोमाग आलेल्या ग्वेनबाईंनी विचारलं.

"खुर्ची रिकामी करतोय. सकाळी मीच म्हणालो होतो."

ग्वेनबाईंनी खोकं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"लेनी, आज दुपारी या इमारतीत एकच खुर्ची रिकामी झाली, तर केशॉन ब्रॅडवेल गेला," त्या म्हणाल्या. "दुसरी मला परवडायची नाही. बस खाली."

लेनी बसला. मासा गार झाला होता, पण चवीला चांगला होता.